कर्णा आधी, स्विच नंतर

एका श्रोत्याने गिटारचा जुना व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प घेतलाय. त्याचा प्रश्न असा की शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्पीकरची वायर काढून वाजवला तर चालेल का? बाबा रे, आधी स्विच बंद कर. मग ऐक.

नाशिकरोडला माझ्या आजोबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, जत्रा, गणपती. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला मी त्यांचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावरून काढला. मागे आउटपुटच्या टर्मिनलवर एक जाडजूड रेझिस्टर कायमचा बसवलेला होता. उगाच वीज खातोय असं वाटलं, म्हणून काढून टाकला. डेड कोड समजून डिलीट करतात ना, अगदी तसंच. मग कर्णा न लावताच गाणं सोडलं आणि आवाज फुल केला. लोडच नाही, तर जळणार काय? तर "टिक्" झालं आणि जळक्या व्हार्निशचा वास आला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. आजोबा एवढंच म्हणाले, "कर्णा आधी, स्विच नंतर. एवढंही शिकवत नाहीत का रे?"

खरंच शिकवलं नव्हतं. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला सहसा स्पीकर नसला तरी काही होत नाही, तो शॉर्टने मरतो. व्हॉल्व्हचं उलटं. पेंटोड व्हॉल्व्ह करंट ढकलत राहतो. स्पीकर काढला की त्या करंटला वाट नाही, आणि ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा व्होल्टेज भलतंच वर नेते. मग वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं, नाहीतर सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते.

ट्रान्झिस्टर जन्मला १९४७ ला. त्याआधीचा सगळा मोठा आवाज व्हॉल्व्हचाच. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलला तो व्हॉल्व्हमधूनच. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी मूकपट गाजवले, पण त्यांनाही १९३७ ला 'गंगावतरण' हा बोलपट करावा लागला. नंतर हेच तंत्र तंबूच्या टॉकीजमधून, मंडळांमधून गावोगाव गेलं. तिथे कर्णे बांबूवर आणि वायर रस्त्याच्या पलीकडून. बैलगाडी नाहीतर ट्रक आला, वायर तुटली, की अ‍ॅम्प चालू आणि लोड गायब! मी काढलेला रेझिस्टर ह्याचसाठी होता.

तिकडे अमेरिकेत फेंडरने अनेक अ‍ॅम्पना असा जॅक लावला की स्पीकरची पिन काढली तर आउटपुट शॉर्ट होतं. व्हॉल्व्हला थोडा वेळ शॉर्ट चालतो, उघडं नाही. बोस्टन बँडच्या टॉम शोल्झने (हा एमआयटीचा इंजिनिअर, बरं का) १९८० च्या सुमारास पॉवर सोक आणला. अ‍ॅम्पची ताकद रेझिस्टरमध्ये जिरवायची आणि स्पीकरला थोडीच द्यायची.

तर तुझ्यासाठी: ८ ओहमच्या आउटपुटला ८ ओहमचाच वायरवाउंड रेझिस्टर. अ‍ॅम्प ५० वॅटचा असेल तर रेझिस्टर निदान १०० वॅटचा, जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर घट्ट बसवलेला. इस्त्रीसारखा तापतो, हात लावू नकोस. सरळ तयार लोड बॉक्स घेतलास तर उत्तम, त्याच्या लाइन आउटमधून लॅपटॉपच्या ऑडिओ इंटरफेसला जाता येतं. स्पीकर आउटपुट थेट तिथे खुपसू नकोस. आणि अ‍ॅम्प उघडू तर नकोसच, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट राहू शकतात.

आजोबांच्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर सध्या वाइंडिंगवाल्याकडे आहे. रेझिस्टर मी आधीच परत लावून ठेवलाय.