तबकडी, रेडिओ, कॅसेट आणि आपले गाणे

कामरेज आणि सुरत परिसरातल्या आपल्यापैकी अनेक कुटुंबांची मुळे तापीच्या वरच्या अंगाला, खानदेशात आहेत. त्यामुळे घरात दोन प्रकारची गाणी नांदतात. एक रेडिओवरचे प्रमाण मराठीतले, दुसरे आजीच्या तोंडचे अहिराणी. पहिले टिकले, दुसरे विरत चालले आहे. याचे कारण पुष्कळसे यंत्रांत सापडते.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले आणि गौहर जान यांचा आवाज सुरुवातीच्याच मुद्रणांत आला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्रभर रंगणाऱ्या नाट्यपदाला आणि लावणीला कात्री लागली. भावगीत मात्र याच मापात वाढले. १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी गायलेली ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही त्याची ठळक सुरुवात.

रेडिओने गाण्याला वार आणि वेळ दिली. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरू झाले. सीताकांत लाड यांनी माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्याकडून ते करवून घेतले. आठवड्याला एक गीत, वर्षाची ५२. पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि गीते झाली ५६! पंचांगाने वाढवलेली अशी दुसरी मालिका आम्हाला ठाऊक नाही.

रेडिओवर काय वाजावे हे केंद्र ठरवी, तबकडीवर काय यावे हे कंपनी. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटने ही दोन्ही दारे सैल केली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची लोकगीते आणि भीमगीते वस्त्यावस्त्यांत पोहोचली. चोरून केलेल्या नकलाही तितक्याच खपल्या, हेही खरे.

जात्यावरच्या ओवीचे मात्र उलटे झाले. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दळण थांबले. दळणच नाही तर ओवी कशावर म्हणणार? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावी फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या कानबाईच्या, गुलाबाईच्या आणि हळदीच्या गाण्यांसाठी एवढे मोठे काम झालेले आम्ही पाहिलेले नाही.

यातली काही गाणी आपल्याच कपाटांतल्या, लग्नात भरलेल्या कॅसेटांवर असतील. त्या शोधाव्यात. फीत आधी हाताने हलकेच फिरवून पाहावी, मग चांगल्या यंत्रावर एकदाच वाजवून संगणकावर उतरवावी. गाणारी कोण, गाव कोणते, प्रसंग कोणता हे त्याच वेळी लिहावे. आवाज ओळखणारी मावशी-काकू अजून घरात आहे. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी.