इलेक्ट्रॉनांचा भोवरा

७. लेखकाचे विवेचन २०१० पाशी थांबते, म्हणून ही पुरवणी. त्या वर्षी उचिदा व तोनोमुरा यांनी ग्राफाइटच्या पापुद्र्यांतून, तर फर्बेक प्रभृतींनी प्लॅटिनमच्या पत्र्यात कोरलेल्या जाळीतून भोवऱ्यासारखा पिळलेला इलेक्ट्रॉन-झोत मिळवला. पण अशा पडद्यांत पीळ एकदा ठरला की ठरला. शिवाय पदार्थात बरेच इलेक्ट्रॉन अडतात किंवा विखुरतात. विद्युतक्षेत्राने ही अडचण दूर केली. सुईसारख्या दोन सूक्ष्म विद्युतअग्रांना विरुद्ध प्रभार देऊन झोत त्यांच्या टोकांजवळच्या निर्वातातून सोडतात. इलेक्ट्रॉन-तरंगाचा कोणता भाग कुठून गेला त्यानुसार त्याची कला मागेपुढे होते. टोकांभोवती एक फेरी पूर्ण होताना हा फरक तरंगलांबीच्या पूर्ण पटीत बसला, की पडद्यावर मधोमध काळे असलेले कडे उमटते. व्होल्टेज वाढवले की पीळ वाढतो, कडे रुंदावते. हा पीळ कोनीय संवेगाच्या पुंजांत मोजतात; २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे १,००० हून अधिक पुंज साधले गेले. समोरच्या आकृतीत इलेक्ट्रॉन स्प्रिंगसारखे गरगरत जाताना दाखवले आहेत, ते मात्र दिशाभूल करणारे आहे. वळसे घेते ती तरंगाची कला. – संपा.