मर्यादवेल

हिंजवडीत सहाव्या मजल्यावर, ऑफिसचं काम बाजूला सारून मी देवबागचा नकाशा उघडून बसलोय. काकाला घर बांधायचंय, आणि घरात संगणकवाला मी एकटा.

देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूवर उभे माड. टोकाकडे गाव इतकं चिंचोळं होत जातं की दोन्हीकडचं पाणी एकाच खळ्यातून दिसतं.

आजो रापणीला जायचा. त्याच्या बापाने घराची जागा ठरवली ती मर्यादवेल बघून. आपट्यासारखं पान, जांभळं फूल, पुळणीवर दोरखंडासारखी पसरणारी ही वेल. ती जिथं थांबते तिथून माडांच्या तीन ओळी सोडायच्या आणि मग जोतं. होडीसुद्धा वेलीच्या वर ओढायची. आजो सांगायचा, "झिला, वेलीच्या भायर दर्याचा, भितर आपला." पुढे धूप सुरू झाली तशी पहिली ओळ गेली, मग दुसरी. माड कोसळायच्या आधी त्याची मुळं महिनाभर उघडी लोंबतात, हे मी लहानपणी पाहिलंय. तिसरी ओळ गेली त्या पावसाळ्यानंतर आजोने चिरे मोजून काढले आणि घर रस्त्याकडे सरकवलं. जुन्या विहिरीचा कठडा ओहोटीला आजही वाळूतून डोकं काढतो. इथली वाळू नदीच्या मुखाशी बेट होऊन वर येते, तिथे आता पर्यटकांच्या होड्या लागतात. लोक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात.

सरकारी मर्यादा फार नंतरची. 1981 साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटर किनारा मोकळा ठेवायला सांगितलं. त्याचा कायदा झाला फेब्रुवारी 1991 मध्ये, सीआरझेडची म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना. गावाकडच्या किनाऱ्यावर पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, ही पट्टी 50 मीटरवर आणली. अंतर कमी झालं याचा आनंद मानावा की भीती बाळगावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरी गंमत दुरुस्तीच्या कलमात आहे. ना-विकास क्षेत्रात जुनं अधिकृत घर पुन्हा बांधता येतं, पण जोत्याचं क्षेत्रफळ वाढवायचं नाही. एका कार्यालयातल्या साहेबांनी काकाला जुन्या जोत्याचा पुरावा मागितला. काका म्हणाला, "ओहोटीक येवा, दाखवतंय."

इथे हिंजवडीत समुद्र नाही, पण नदीकाठी पूररेषा आहेत. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमच्या सोसायटीशेजारचे आजोबा मात्र पार्किंगकडे बोट दाखवून म्हणतात, "हितनं ओढा जायचा." नकाशात तो नाही. पहिल्या मोठ्या पावसात तळमजल्याच्या गाड्या घोटाभर पाण्यात असतात.

काल काकाने खळ्याचा फोटो पाठवला. तुळशीवृंदावनापाशी, शेणानं सारवलेल्या जमिनीला जिथे वाळू लागते तिथे, दोन कोवळी, आपट्यासारखी पानं.

मी अजून नकाशाच बघतोय. काका विचारतोय, अर्ज कधी भरतोस?