खुडूक : कोंबडीच्या एका गुणाचा ‘दोष’ कसा झाला

चिकलठाण्याच्या जुन्या वस्तीत घरामागे पत्रा आणि जाळी ठोकून केलेली खुराडी अजून दिसतात. आत तीन-चार देशी कोंबड्या असतात. त्यांतली एक कधीतरी अंडी घालणे थांबवते, अंग फुलवून टोपलीत बसून राहते, हात जवळ नेला की चोच मारते आणि घशातून तुटक, कोरडा आवाज काढू लागते. ती खुडूक झाली. कोकणात ‘रवणावर बसली’ असेही म्हणतात. आता घरातल्या बाईपुढे एकच प्रश्न असतो : हिला बसू द्यायचे की उठवायचे?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो गेल्या सुमारे तीन हजार वर्षांत अनेकदा विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत जवळजवळ उलटले आहे. आजचा धागा त्या उलटण्याविषयी.

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील तांबडी रानकोंबडी. निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडली; त्यांचा काळ इ. स. पूर्व १६५० ते १२५० असा मानतात. रानातली मादी मोजकी अंडी घालते आणि त्यांवर बसते. माणसाने घरट्यातली अंडी उचलून तिला आणखी घालायला लावले. तिची बसण्याची ओढ मात्र त्याने जपली, कारण दुसरा इलाजच नव्हता. खुडूक होणारी कोंबडी नसेल तर पुढच्या वर्षी कोंबड्याच नसतील. तेव्हा खुडूकपणा हे खुराड्याचे भांडवल होते.

आपल्याकडील खेड्यांत हे भांडवल बहुधा बायकांच्या हाती असे. गाय, बैल, शेत हे पुरुषांच्या नावावर. कोंबडी मात्र तिची. पाहुणा आला, पोराची वही आणायची झाली, औषधाला पैसे हवे झाले, की कोंबडा बाजारात जाई. ज्या घरात एकही पक्षी नसे त्या घराला शेजारीण निम्म्या वाट्याने कोंबडी देई : पिल्ले निघाली की अर्धी हिची, अर्धी तिची. व्याजाचा व्यवहारच हा, फक्त वहीत न लिहिलेला. कोंबडी पाळण्याला जातीची रेघ होती, हेही सांगितले पाहिजे. अनेक ‘सोवळ्या’ घरांत ती अंगणातही चालत नसे. त्यामुळे मराठवाड्यातील कोंबडीचा इतिहास हा बव्हंशी दलित, मुस्लिम, भिल्ल आणि कष्टकरी शेतकरी घरांतील बायकांचा इतिहास आहे. दप्तरांत तो फारसा सापडत नाही याचे आश्चर्य वाटायला नको.

त्यांचे शास्त्र पक्के होते. पसरट टोपलीत भुसा किंवा वाळू, उवांसाठी चुलीतली राख, वर कडुलिंबाचा पाला. अंडी ताजी, आठवड्याच्या आतली, दहा-बारा. कोंबडीच्या पंखांखाली मावतील तेवढीच. ती ठेवायची अंधार पडल्यावर, म्हणजे कोंबडी बुजत नाही. मेघगर्जनेने अंडी बिघडू नयेत म्हणून काही घरांत टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसाही ठेवतात. लोखंडाने काय होते ते असो, पण एकवीस दिवसांचा हिशेब कधी चुकत नसे. उन्हाळ्यात बसवणे टाळत, आणि तेही योग्यच होते : मराठवाड्याच्या वैशाखात नुसत्या ठेवलेल्या अंड्यातही गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो.

अंड्याला आईपासून वेगळे करण्याचे प्रयत्न अर्थात जुने आहेत. इजिप्तमध्ये उकिरड्याच्या उबेत अंडी फोडवतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. पुढे तिथल्या विटांच्या भट्ट्यांत एका वेळी हजारो अंडी उबवली जात. कारागिरांकडे तापमापक नव्हता, ते अंडे पापणीला लावून ऊब ओळखत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने ही कला युरोपात आणण्याचा खटाटोप केला आणि १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तरी कोंबडीची जागा घेईल असे विश्वासार्ह यंत्र यायला १८७९ उजाडले. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बाइस याने उबवणी यंत्र तयार केले. १९१८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने एक दिवसाची पिल्ले पार्सलाने पाठवण्यास परवानगी दिली. पिल्लू बाहेर पडण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेते, म्हणून दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरते. जे निसर्गाने आईच्या सोयीसाठी केले होते, त्यावर आता टपालाचा धंदा उभा राहिला.

इथे हिशेब फिरला. यंत्र बसले की बसणारी कोंबडी म्हणजे नुसता तोटा. आपली देशी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते, मग एकवीस दिवस उबवते, मग दोनेक महिने पिल्ले सांभाळते. वर्षाला पन्नास-साठ अंडी होतात. खुडूकच न होणारी व्यावसायिक संकरित कोंबडी तीनशेच्या पुढे जाते.

ही ओढ निवडीने पुसता येते, हे डार्विनला ठाऊक होते. १८६८ च्या ग्रंथात त्याने स्पॅनिश, हॅम्बर्ग, पोलिश अशा न बसणाऱ्या जातींची चर्चा केली आहे. त्यातली गंमत अशी : न बसणाऱ्या दोन वेगळ्या जातींचा संकर केला, तर त्यांच्या लेकी अनेकदा निमूटपणे अंड्यांवर बसतात. ओढ मेलेली नव्हती, दडपली गेली होती. १९३०च्या दशकात ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी तिचा रासायनिक पत्ताही शोधला : प्रोलॅक्टिन हे संप्रेरक टोचल्यावर कोंबड्या खुडूक होऊ लागल्या.

महाराष्ट्रात या बदलाचे ठळक वर्ष १९७१. त्या वर्षी डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वर हॅचरीज सुरू केली. पुढे पुणे हे तिचे केंद्र झाले. शासनानेही मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे काढली. त्यांतले एक आपल्या छत्रपती संभाजीनगरात आहे. याच काळात चिकलठाणाही बदलत होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या मराठवाड्यातील आरंभीच्या वसाहतींपैकी एक इथे उभी राहिली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि गाव शहरात आले. शेत गेले, उकिरडा गेला, परसाचे चार बाय सहाचे खुराडे झाले. लहान जागेत एक कोंबडी खुडूक बसली की अंडी घालायची एकुलती टोपली तीच अडवते, आणि तिचे पाहून दुसरीही बसू पाहते.

म्हणून आता उठवण्याची विद्या जास्त विचारली जाते. आजीच्या काळी कोंबडीला गार पाण्यात बुचकळत, पाय बांधत, नाकपुडीतून पीस ओवत. पीस ओवणे हा निव्वळ छळ. पाण्यामागचा विचार मात्र बरोबर होता. खुडूक कोंबडीच्या पोटाची पिसे गळतात आणि उघड्या कातडीला अंड्यांचा स्पर्श होत राहतो. त्या स्पर्शानेच प्रोलॅक्टिन टिकते. बुचकळण्याची गरज नाही. अंडी रोज उचलावीत आणि तिला तीन-चार दिवस खालून जाळी असलेल्या, सावलीतल्या, वारा लागणाऱ्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवावे. बसायला टोपली देऊ नये. पोटाला गारवा लागला की ओढ ओसरते. पहिल्याच दिवशी उचलली तर लवकर, आठवडा जाऊ दिला तर दुप्पट त्रास. नुसते दुर्लक्ष केले तर ती रिकाम्या टोपलीतही कित्येक दिवस बसते, दिवसातून एकदा जेमतेम उठते आणि वाळत जाते.

बसवायचीच असेल तर टोपली वेगळ्या कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवावी; सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरावी, आणि ज्यांत लाल शिरा दिसत नाहीत ती काढावीत.

परसासाठी सुधारित पक्षीही आले. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज. रंगीत, काटक, अधिक अंडी देणारी. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. पिल्ले पुन्हा केंद्रातूनच आणावी लागतात. यावर बायकांनी काढलेला तोडगा कोणत्याही योजनेच्या पत्रकात नव्हता : अंडी गिरिराजची, ऊब देशी कोंबडीची. त्यासाठी चार गिरिराजच्या खुराड्यात एक गावठी, किरकोळ अंगाची, चोच मारणारी कोंबडी मुद्दाम ठेवली जाते, आणि ती खुडूक झाली की शेजारणीही आपापली अंडी घेऊन येतात.