ब्रिजमधील बोली आणि समोरचा भिडू

ब्रिज हा खेळ अवघड आहे असें ज्यांनीं तो कधीं खेळला नाहीं तेही सांगतात. पण तो नेमका कोठें अवघड आहे हें खेळणारांसही पुष्कळदां सांगतां येत नाहीं. पानें टाकण्याची कला कठीण खरी. तथापि तींत झालेली चूक डोळ्यांसमोर घडते आणि पुढच्या डावांत सुधारतां येते. बोलीचें तसें नाहीं. मराठींत लिलावांतल्या पुकाऱ्यास बोली म्हणतात आणि भाषेसही बोलीच म्हणतात; ब्रिजच्या बाबतींत हे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात. या भाषेचा सारा शब्दसंग्रह पंधरा शब्दांचा : एक ते सात हे आंकडे, चार रंग व पांचवें नो-ट्रंप, आणि पास, डबल, रिडबल. एवढ्या भांडवलावर आपल्या तेरा पानांची कल्पना भिडूस द्यावयाची; आणि तेरा पानांचे निरनिराळे संच होतात ६३५ अब्जांहून अधिक!

शब्दांवरचें हें ओझें पहिल्यापासून नव्हतें. ऑक्शन ब्रिजमध्यें बोली लहान लावून हात अधिक जिंकले तरी ते सगळे गेमसाठीं धरले जात. तेव्हां थोडें बोलून स्वस्थ बसणें हेंच शहाणपण होतें. १९२५ च्या अखेरीस हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकानें लॉस एंजेलिसहून पनामा कालव्याच्या वाटेनें हॅव्हानास जातांना, 'फिनलंड' नांवाच्या आगबोटीवर, सोबत्यांसह गुणांची नवी रीत खेळून पाहिली, आणि काँट्रॅक्ट ब्रिज जन्मास आला. जितकें बोललां तितकेंच गेमसाठीं मोजावयाचें, ही मूळ कल्पना फ्रेंचांच्या 'प्लाफाँ' या खेळांत पूर्वींच होती. पण तिचा प्रसार या नव्या खेळानें केला. आतां भिडूशीं सविस्तर बोलल्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. व्हँडरबिल्टनेंच पुढें एक पद्धति रचली. तींत 'एक किलवर' म्हणजे पानें फार जोरदार आहेत; किलवर हातांत असो वा नसो. शब्द आणि त्याचा अर्थ यांची फारकत झाली ती येथें.

या फारकतीचा पुष्कळांस राग आला. लंडनचे लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर यांचें म्हणणें, सरळ माणसानें सरळ बोलावें. संकेतांची ही लिपि हवी कशाला? १९३० सालीं ईली कल्बर्ट्सन अमेरिकेहून आपला संघ घेऊन लंडनला गेला आणि त्यानें बुलरच्या संघास हरविलें. कर्नलसाहेबांच्या तक्रारींत कांहींच तथ्य नव्हतें असें मात्र मला वाटत नाहीं. कल्बर्ट्सन खेळाडू मोठा, पण जाहिरातदार त्याहून मोठा. त्याच्या पद्धतींत 'ऑनर-ट्रिक' मोजावयाच्या : एक्का-राजा मिळून दोन, एक्का-राणी मिळून दीड, राजा-राणी मिळून एक, आणि जोडीला लहान पान असलेला राजा अर्धा. डिसेंबर १९३१ मध्यें न्यूयॉर्क येथें सिडनी लेन्झशीं त्याचा दीडशें रबरांचा सामना सुरू झाला. कल्बर्ट्सनच्या समोर बहुतेक वेळ त्याची पत्नी जोसेफीन बसे. लेन्झच्या समोर ऑस्वल्ड जकोबी. जकोबी असामान्य बुद्धीचा तरुण. पण हातांत नाहीं तें बोलून प्रतिपक्षास चकविण्याची त्यास भारी हौस, आणि त्या बोलींनीं प्रतिपक्षाबरोबर लेन्झही चकूं लागला. शंभराहून अधिक रबर झाल्यावर जकोबीनें सामना सोडला व त्याच्या जागीं कमांडर विनफील्ड लिगेट येऊन बसला. जानेवारी १९३२ मध्यें कल्बर्ट्सन ८,९८० गुणांनीं विजयी झाला. त्याची पद्धति श्रेष्ठ ठरली, अशी लोकांनीं समजूत करून घेतली. माझ्या मतें त्या टेबलावर पद्धतींची परीक्षा झालीच नाहीं. एक जोडी टिकली, दुसरी फुटली, इतकेंच सिद्ध झालें.

१९४९ मध्यें चार्ल्स गोरेनच्या पुस्तकानें कल्बर्ट्सनचे अपूर्णांक घालविले. एक्क्यास चार, राजास तीन, राणीस दोन, गुलामास एक, हें कोष्टक मिल्टन वर्कनें पूर्वींच लोकांपुढें ठेविलें होतें. गोरेननें त्यांत आंखूड रंगांचे गुण मिळविले. तेरा गुण असले कीं तोंड उघडावें, दोघांचे मिळून सव्वीस झाले कीं गेम बोलावा. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणासही हें जमावें.

इटालियनांनीं नेमकी उलट वाट धरली. अत्यंत कृत्रिम पद्धति, आणि वर्षानुवर्षें तीच जोडी. बेलाडोना आणि अव्हारेली हें त्याचें ठळक उदाहरण. १९५७ ते १९६९ या काळांत त्यांच्या 'ब्लू टीम'नें 'बर्म्युडा बोल' हें जागतिक अजिंक्यपद दहा वेळां मिळविलें. पुढें सी. सी. वेई या चिनी-अमेरिकन जहाजमालकानें 'प्रिसिजन' नांवाची त्या मानानें सुटसुटीत पद्धति रचली, आणि ती शिकलेला तैवानचा संघ १९६९ मध्यें रिओ येथें एकदम दुसरा आला. मौज अशी कीं थोड्याच वर्षांत इटालियनांनीं ती उचलली, आणि 'सुपर प्रिसिजन' करून पुन्हा जड केली!

नियम असा कीं भिडूंमधील संकेत प्रतिपक्षापासून लपवितां येत नाहींत. म्हणजे दोघांची भाषा चौघांस शिकणें भाग. पोलंडांतील कांहीं जोड्यांनीं 'पास' म्हणजे जोरदार पानें आणि हलक्या पानांवर मात्र बोललेंच पाहिजे, असा उलटा व्यवहार सुरू केला, तेव्हां जागतिक संघटनेस अशा पद्धतींवर निर्बंध घालावे लागले.

प्रिसिजनचा मोह मलाही झाला होता. माझे भिडू संस्कृतचे प्राध्यापक. पाणिनीचीं सुमारें चार हजार सूत्रें त्यांस मुखोद्गत. सोळा गुण किंवा अधिक असल्यास 'एक किलवर', हें त्यांनीं एका वाचनांत पाठ केलें. एका शनिवारीं माझे गुण एकोणीस. किलवराचीं पानें दोनच. मीं 'एक किलवर' म्हटलें. डावीकडून पास. भिडूंनीं पुष्कळ विचार करून पास म्हटलें! उजवीकडचे गृहस्थ हंसत पास म्हणाले, आणि सात हातांच्या त्या ठेक्यांत आम्हांस पांच मिळाले. मी चारचौघांत जें बोललों तें आतां आठवूं नये असें वाटतें. ते शांतपणें म्हणाले, "सूत्र आठवत होतें हो; पण तुम्ही आज नवें खेळतां आहां कीं जुनें, हें कोठें ठाऊक होतें?" त्यानंतर तीन महिने त्यांची खुर्ची रिकामी राहिली. शेवटीं मीच घरीं जाऊन त्यांस घेऊन आलों. पानें वाटून झालीं, त्यांनीं आपलीं तेरा नीट लावलीं, आणि माझ्याकडे पाहून विचारलें, "आज किलवर म्हणजे किलवरच ना?"