साडेचार आले कुठून?

वेबसाइट बांधणाऱ्याला ४.५ हा आकडा तोंडपाठ असतो. मागचा रंग आणि त्यावरची अक्षरं यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ हवं, नाहीतर तपासणीचं सॉफ्टवेअर लाल फुली मारतं. पांढऱ्यावर #७६७६७६ हा राखाडी ४.५४ मिळवून काठावर पास होतो. शेजारचा #७७७७७७ भरतो ४.४८, म्हणजे नापास. दोन्ही राखाडी डोळ्यांसमोर धरून कुठला कोणता हे सांगणारा माणूस मिळणं कठीण, पण ‘ऑर्डर करा’ पासून ‘परतावा मिळणार नाही’ पर्यंत दुकानाच्या साइटवरचा सगळा बारीक मजकूर याच कुंपणात बसवायचा. वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.० या नियमावलीत हा नियम ११ डिसेंबर २००८ला आला. तिथून तो युरोपच्या मानकात आणि आपल्या आयएस १७८०२ मध्येही गेला.

मला छळत होता तो त्यातला अर्धा. चार नाही, पाच नाही, साडेचारच का?

समित्यांमध्ये बसलेला कुणीही म्हणेल, घासाघीस झाली असणार. डिझायनर चारवर अडले, कमी दिसणाऱ्यांची बाजू मांडणारे पाचवर, मग मधला आकडा काढला. ऐकायला पटतं. पण नियमासोबतचं स्पष्टीकरण उघडलं की तिथे चक्क गुणाकार सापडतो : ३ गुणिले १.५.

यातला ३ ऑफिसातून आलाय. १९८८ साली अमेरिकेत संगणकाच्या पडद्यासमोर बसून काम करणाऱ्यांसाठी एक मानक निघालं. धडधाकट नजरेच्या माणसाला जड काचेच्या पडद्यावरची अक्षरं वाचायला किमान ३ : १ फरक लागतो, असं ते धरतं. वेबसाइट नावाची वस्तू तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

आणि दीड आलाय डोळ्यांच्या दवाखान्यातून. आपल्या डॉक्टरांच्या कागदावर ६/१२ लिहिलेलं असतं, अमेरिकेत तेच फुटांत २०/४० होतं. निरोगी डोळ्याला जे अक्षर १२ मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागतं. अशा नजरेच्या लोकांची फिकट-गडद ओळखण्याची ताकद साधारण दीडपटीनं कमी झालेली असते, हे अर्डिटी आणि फे या संशोधकांचं निरीक्षण. म्हणून तीनाची दीडपट. ६/२४ नजरेसाठी हाच हिशेब ७ : १ वर जातो, तो अधिक कडक पातळीचा नियम.

पण ६/१२च का? ६/१८ का नाही? स्पष्टीकरण म्हणतं, ऐंशीच्या आसपासच्या माणसाची नजर साधारण इतकी असते. म्हणजे अपंगांसाठीचा म्हणून ज्या नियमावर कंपन्या कुरकुरतात, त्याचं माप घेतलंय ऐंशीच्या आजोबांच्या डोळ्यांवरून! तरी ही रेघ ओढताना आणखी काहीतरी डोक्यात असणार, असं मला वाटतं. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत विनाअट वाहन परवान्यासाठी २०/४० हीच रेघ आहे. तिथल्या नेत्रतज्ज्ञाच्या जिभेवर आधी तीच येणार. पुरावा नाही, पण माझा कयास मी सोडत नाही. घासाघीसवाल्यांना इथे थोडी जागा द्यावी लागते, कारण गुणाकार कितीही चोख असला तरी कुणाचा डोळा धरायचा हे माणसांनीच ठरवलं.

गुणाकारही तितका चोख नाहीच. चष्म्याचा नंबर चुकलेला माणूस आणि मोतीबिंदू वाढू लागलेला माणूस, दोघांच्या कागदावर ६/१२ असू शकतं. पहिल्याला फिकट अक्षरं बऱ्यापैकी दिसतील, दुसऱ्याला धुक्यातून पाहिल्यासारखं होईल. दीड ही फक्त सरासरी.

या कुळात आणखी एक नातेवाईक लपलाय : ०.०५. गुणोत्तर काढताना दोन्ही उजळपणांत हा आकडा मिळवतात. खोलीतला उजेड पडद्यावर पडून परततो, त्याचा हा हिशेब, १९९६च्या एसआरजीबी रंगपद्धतीच्या निबंधावर बेतलेला. शुद्ध पांढऱ्याचा उजळपणा १, काळ्याचा ०, म्हणून १.०५ भागिले ०.०५, आणि जगातला सर्वांत मोठा कॉन्ट्रास्ट अनंत न होता २१वर थांबतो. आज ग्राहक भर उन्हात मोबाइलवर दुकान उघडतो, तरी सूत्रातला उजेड घरातलाच.

सूत्राची खरी फजिती केशरी रंगावर होते. लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ असा केशरी घ्या. त्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर जेमतेम २.१, काळी ठेवली तर ९.९. सूत्राच्या मते प्रश्नच उरत नाही. पण केशरी बटणावर पांढरंच नीट वाचता येतं, असं म्हणणारे भरपूर भेटतात. अँड्र्यू सोमर्स यांनी एपीसीए हे वेगळं सूत्र मांडलं ते अशाच तक्रारींतून. गडद रंगांच्या जोड्यांना जुनं सूत्र फुकटचे मार्क देतं, असा त्यांचा आक्षेप. त्यांच्या सूत्रात उजळावर गडद आणि गडदावर उजळ यांचे आकडे वेगळे येतात, अक्षराचा आकार आणि जाडीही विचारात घेतली जाते. तपासणीत मात्र अजून ४.५च मागतात, त्यामुळे केशरी बटणावर काळी अक्षरं टाकायची आणि मालकाला पटवत बसायचं.