मिरची आधी कुठे होती?

काल चॉकलेटच्या दुधात दालचिनी आणि चिमूटभर लाल तिखट घातलं. नात म्हणाली, "आजोबा, चॉकलेटात मिरची?"

तिला सांगितलं, अगं, माया लोक कोकोच्या बिया भाजून, पाट्यावर वाटून, पाण्यात मिरचीसह कालवायचे. फेस यावा म्हणून उंचावरून ओतायचे. साखर, दालचिनी स्पॅनिश लोकांनी आणली.

मी बँकवाला, मला दुसरंच भावलं. मेक्सिकोत या बियाच चलन! १५४५ च्या त्लाश्कालाच्या दरपत्रकात टर्कीची मादी १०० बियांना. टरफलात माती भरलेल्या खोट्या बियाही चालवायचे!

आणि मिरची? तिथलीच. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली. म्हणजे ती आधी चॉकलेटात होती, आपल्या रश्श्यात नंतर आली.

नातीने कप रिकामा केला.